संगणकांचा अबोला

विद्यार्थी मित्रहो, लांज्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, आणि माजघराच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला एक जुना संगणक. मुंबईच्या काकांनी नवा संगणक घेतला, तेव्हा हा जुना त्यांनी गणपतीला येताना गाडीत घालून गावी आणला. त्याच्यावर ‘विंडोज एक्सपी’ आहे आणि त्याच्या डिस्कवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी आहेत. आत्याच्या लग्नाचे फोटो आहेत, पाडण्यापूर्वीचे जुने घर आहे, आणि आता हयात नसलेल्या आजोबांनी ओटीवर बसून सांगितलेल्या गोष्टींचे ध्वनिमुद्रणही आहे. त्याच घरात ताईचा नवा लॅपटॉप आहे. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली आहेत. एका यंत्रावरच्या फाइली दुसऱ्यावर न्यावयाच्या, एवढेच काम. पण लॅपटॉपला जुना संगणक दिसतच नाही! एकाच घरात राहून दोघांचा अबोला.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. एक म्हणतो, “फॉरमॅट मारा, सगळे सुरळीत होईल.” दुसरा म्हणतो, “भंगारात देऊन टाका.” तिसरा स्वतःला जाणकार समजतो. तो म्हणतो, “फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढा, सगळे उघडे ठेवा, मग बघा कसे चालते!” पहिल्या दोघांचे ऐकले तर आजोबांचा आवाज कायमचा जाईल. तिसऱ्याचे ऐकले तर घराचे दार सताड उघडे राहील. माझ्या मते हे तिन्ही सल्ले एकाच कारणासाठी चुकीचे आहेत. दोष कोठे आहे, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारलेला नाही.

दोष शोधणे ही विज्ञानाची एक पद्धत आहे, आणि ती शिकण्यासाठी जुन्या संगणकांचा अबोला हा फार चांगला प्रयोग आहे, असे मला आज तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांना सांगावयाचे आहे.

पाच प्रश्न

समजा, तुम्हांला पऱ्यापलीकडच्या वाडीतील एका घरी निरोप पोचवावयाचा आहे. निरोप पोचला नाही, तर कारणे कोणती असू शकतील? पऱ्यावरचा साकव वाहून गेला असेल. घराचा पत्ता चुकला असेल. हाक मारली ती भलत्याच नावाने मारली असेल. हाकेला ओ आली, पण दोघांची भाषा एक नसेल. किंवा भाषा कळली, तरी ओळख पटली नाही म्हणून दाराची कडी उघडली नसेल. वाट, पत्ता, नाव, भाषा आणि कडी, हे ते पाच प्रश्न. दोन संगणकांच्या अबोल्याची कारणेही बहुधा या पाचांतच सापडतात. आपण ती क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न वाटेचा. केबलच्या टोकाशी, जेथे ती संगणकात शिरते, तेथे एक बारीक दिवा असतो. तो लागला नसेल तर पुढचे काहीच तपासू नका. केबल बदलून पाहा, राउटरचे दुसरे छिद्र वापरून पाहा. आपल्या कोकणातील पावसाळा यंत्रांना मानवत नाही. दमट हवेने संपर्काच्या पट्ट्यांवर मळ धरतो. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा लांब केबलमध्ये क्षणभर मोठा विद्युतदाब निर्माण होऊन संगणकाचे जोडणीचे छिद्र जळू शकते. म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर नेटची केबलही काढून ठेवावी. आणि जोडणी वायफायची असेल तर? जुन्या यंत्रांचे वायफाय बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच ओळखते. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल, तर जुन्या यंत्राच्या दृष्टीने तो तेथे नाहीच.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. घरच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता मिळतो. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.९ असेल, तर सर्वसाधारणपणे दोघे एकाच वाडीत आहेत असे समजावे. पण एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ असा, की राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून यंत्राने स्वतःच एक पत्ता धारण केला. असे झाले की पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळावे. आणखी एक गंमत पाहा. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. त्यावरील यंत्रांना इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे दिसत नाहीत. ताईचा लॅपटॉप चुकून पाहुण्यांच्या वायफायवर असेल, तर जुन्या संगणकाला दोष देऊन काय उपयोग?

येथे एक सोपी चाचणी उपयोगी पडते. तिचे नाव ‘पिंग’. अमेरिकेतील माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी जहाजावरून पाण्यात ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात. त्या ध्वनीवरून त्याने हे नाव ठेवले. तुम्ही समोरच्या यंत्राचा पत्ता देऊन पिंग करावयाचे. ओ आली, तर वाट आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत, हे एका झटक्यात कळते. मात्र ओ आली नाही, तर लगेच केबलला दोष देऊ नका. विंडोजला हे जाळे ‘सार्वजनिक’ आहे असे वाटले, तर तिची फायरवॉल पिंगलाही गप्प बसवते आणि फाइली मागणाऱ्यालाही. अशा वेळी फायरवॉल बंद न करता, घरचे जाळे ‘खाजगी’ आहे एवढेच तिला सांगावे.

तिसरा प्रश्न नावाचा. आकड्यांनी ओ येते, पण नावाने येत नाही, असे झाले तर दोष नावाच्या नोंदीत आहे. जुनी यंत्रे एकमेकांची यादी ज्या पद्धतीने करीत, ती पद्धत नव्या यंत्रांनी सोडून दिली आहे. म्हणून ‘नेटवर्क’ची खिडकी उघडली आणि यादीत शेजारी दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरवू नका. मतदारयादीत नाव नाही म्हणून माणूस गावात नाही, असे थोडेच असते? फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे त्याचा आकडी पत्ता लिहा. कित्येकदा दार तेवढ्याने उघडते.

भाषा कोणी बदलली आणि का?

चौथा प्रश्न भाषेचा, आणि आपल्या लांज्याच्या घरातील खरी अडचण बहुधा हीच असणार. विंडोज यंत्रे फाइलींची देवघेव ज्या भाषेत करतात, तिला ‘एसएमबी’ म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला ही पहिली आवृत्तीच येते. पुढे व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, मग तिसरी. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती साधारणपणे घातलेलीच नसते, आणि विंडोज ११ मध्येही नसते. म्हणजे एक्सपी बोलते ते नव्याला कळत नाही, असे नव्हे. ती बोली बोलायचीच नाही, असे नव्याने ठरवले आहे.

असे का ठरले? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील एका चुकीतून तो शिरत असे, फाइलींना कुलूप घालीत असे आणि किल्लीसाठी पैसे मागत असे. काही दिवसांत सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने गाठले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामे अडली, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या चुकीवरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. बळी पडलेली यंत्रे बहुतांशी विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना ती दुरुस्ती घेता आली असती अशी होती. तात्पर्य, नुकसान नुसत्या जुनेपणाने झाले नाही. दुरुस्ती हाताशी असून ती केली गेली नाही, म्हणून झाले.

आता तिसऱ्या सल्लागाराचे म्हणणे पुन्हा आठवा. ‘पहिली आवृत्ती चालू करा आणि विसरून जा,’ असे तो सांगतो. एका जुन्या यंत्राशी बोलता यावे म्हणून नव्या यंत्राचे संरक्षण कायमचे काढून टाकणे, हे घरात शिरायला एकाला त्रास होतो म्हणून सगळ्यांसाठी भिंत पाडण्यासारखे आहे. ताईच्या लॅपटॉपवर तिचा अभ्यास आहे, घरची बँकेची कामे आहेत. त्यांचे काय?

पाचवा प्रश्न कडीचा, म्हणजे परवानगीचा. फोल्डर वाटावयास ठेवला आहे का? कोणासाठी? ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने जाळ्यावरून आत येऊ देण्यास विंडोज साधारणपणे नकार देते. नव्या यंत्रांवर आणखी एक फसगत होते. ताई रोज चार आकडी पिन घालून लॅपटॉप उघडते, म्हणून दुसऱ्या यंत्रावरूनही तोच पिन घालते, आणि नकार येतो. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. जाळ्यावरून ओळख पटवावयास खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो.

एका वेळी एकच बदल

हे पाच प्रश्न वाचून तुम्ही म्हणाल, की मग सगळेच एकदम करून टाकू! केबल बदलू, पत्ता बदलू, पासवर्ड घालू. कदाचित अबोला सुटेलही. पण कशाने सुटला, हे तुम्हांला कधीच कळणार नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच तक्रार आली, की तुम्ही जेथल्या तेथे. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजताना तुम्ही दोऱ्याची लांबी आणि गोळ्याचे वजन एकदम बदलता का? नाही. मग येथेही एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि तो वहीत लिहावा. उपयोग झाला नाही, तर बदल पूर्ववत करून मगच पुढे जावे. शिवाय पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात केली पाहिजे असेही नाही. पिंगसारखी मधली चाचणी एका बाजूचे सगळे प्रश्न एकदम निकालात काढते. शंभर पानांच्या शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, तसेच हे.

शोधाची ही वृत्ती काय करू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याचा पीसी आणि विद्यापीठातील युनिक्स संगणक यांच्यात फाइलींची देवघेव होत नव्हती. म्हणजे तुमचीच अडचण! त्याने केबलमधून ये-जा करणारे संदेश टिपले, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर जाते ते पाहिले, आणि तसेच उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याला नाव हवे होते, तेव्हा त्याने शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांत ‘साम्बा’ हा शब्द निघाला. आज जगातील असंख्य लिनक्स यंत्रे विंडोजशी बोलतात ती या साम्बामुळे, आणि तो कोणालाही विनामूल्य मिळतो.

मग लांज्याच्या घरात काय करावे?

माझे मत असे. प्रथम फाइली वाचवाव्यात, मग यंत्राचे भवितव्य ठरवावे. आजोबांचा आवाज जगात एकाच डिस्कवर आहे, आणि डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. पेनड्राइव्हने काम भागत असेल तर खुशाल तसे करावे. फक्त नव्या यंत्रावर तो उघडण्यापूर्वी व्हायरससाठी तपासून घ्यावा. पेनड्राइव्हची मांडणी फॅट ३२ पद्धतीची असेल, तर ४ गिगाबाइटहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही, हेही ध्यानात ठेवा. लग्नाची चित्रफीत बहुधा तेथेच अडते.

जाळ्यावरूनच न्यावयाचे असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर इंटरनेटची जोडणी काढावी, दोन्ही यंत्रे केबलने जोडावीत, जुनी आवृत्ती तेवढ्यापुरती चालू करावी, फाइली उतरवून घ्याव्यात, आणि ती पुन्हा बंद केल्याशिवाय इंटरनेट जोडू नये. किती वेळ लागेल? जुन्या १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जातात. १० गिगाबाइटना निदान ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटे. प्रत्यक्षात थोडी अधिक धरा. तेवढा वेळ घरातील इंटरनेट बंद राहिले, तर आकाश कोसळत नाही.

त्यानंतर जुन्या यंत्राचा प्रश्न. एक्सपीला होणारा दुरुस्त्यांचा पुरवठा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे कालपर्यंत ‘नवी’ म्हणवणारी यंत्रेही आज जुन्यांच्या रांगेत येऊन बसली आहेत. ही सगळी भंगारात जावीत का? जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, सर्किटांत घातक द्रव्ये असतात. ती पऱ्याकाठी जाळून तांबे काढणे म्हणजे आपल्याच विहिरीत विष कालवणे. यंत्र खरोखर निकामी झाले, तर ते अधिकृत संकलकाकडेच गेले पाहिजे. पण चालते यंत्र लिनक्स बसवून पुन्हा कामाला लावता येते. मग ते साम्बाच्या मदतीने नवी भाषा बोलते, आणि अबोला मुळातूनच संपतो. अर्थात यालाही मर्यादा आहेत. फार जुन्या ३२ बिट यंत्रांचा आधार आता लिनक्सवालेही काढून घेत आहेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी बसवणीची सोय राहिली नाही. अशा यंत्राला इंटरनेटपासून दूर ठेवून टंकलेखनाला किंवा प्रोग्रॅम लिहिण्याच्या सरावाला वापरावे.

शिक्षकांना एक विनंती

२००४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक योजना सुरू केली. तेव्हापासून या ना त्या योजनेतून आणि देणगीदारांकडून खेडोपाडी संगणक पोचले. ज्या शाळांत ते कापडाखाली पडून असतील, तेथे कारण बहुधा एकच सांगितले जाते: “दुरुस्तीला माणूस येत नाही.” तो माणूस तुमच्या नववीच्या वर्गात बसलेला असू शकतो, असे माझे म्हणणे आहे. केरळात २०१८ साली ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची माहिती-तंत्रज्ञान मंडळे हायस्कुलांत सुरू झाली. तेथील शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, आणि ती मुले संगणक वापरण्याबरोबर सांभाळायलाही शिकतात. आपल्याकडे हे का होऊ नये?

काही शिक्षक म्हणतील, “मुले आहे तेही बिघडवून ठेवतील.” ही भीती खोटी नाही. म्हणून तीन नियम घालावेत. गुण आणि दाखले ज्या यंत्रावर आहेत त्याला हात लावावयाचा नाही. काहीही बदलण्यापूर्वी फाइलींची प्रत घ्यावयाची. आणि जुना काचेचा पडदा किंवा विजेचा पुरवठा करणारा डबा उघडावयाचा नाही, कारण प्लग काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार साठून राहतो. एवढे पाळले, तर दोन जुनी यंत्रे, एक केबल आणि एक वही यांवर महिनाभराचे प्रात्यक्षिक होते. शिक्षकांनी एक दोष मुद्दाम घालून ठेवावा, कधी पत्ता चुकवावा, कधी परवानगी काढावी, आणि मुलांनी तो शोधावा. गुण दोष सापडल्याबद्दल देऊ नयेत, वहीतील पायऱ्यांबद्दल द्यावेत.

मित्रहो, तुमच्या हातातील यंत्रे दर चार-पाच वर्षांनी बदलतील. एसएमबीची आवृत्ती तुम्ही विसराल, आणि विसरलात तरी चालेल. पण काही चालेनासे झाले, की ‘फेकून द्या’ आणि ‘सगळे उघडे टाका’ यांच्या मधोमध एक तिसरा रस्ता असतो, तो विसरू नका. तो रस्ता प्रश्न विचारण्याचा आहे. शेतातील पंप असो, विहिरीचे पाणी असो, नाहीतर दोन माणसांमधील अबोला असो, दोष नेमका कोठे आहे हे आधी शोधावे लागते.

आता घरी गेलात की कोपऱ्यातील ते कापड बाजूला करा. केबल जोडा. दिवा लागतो का पाहा. आणि हो, वही जवळ घेऊन बसा.